कारा-दोबोची नवी चौकी

कारा-दोबोत कोळशाची खाण जोरात चालू होती, तेव्हा गावाला पाच पोलीस होते आणि त्या पाचांना काम नव्हतं. चौकीत शेगडी पेटलेली असायची, चहा उकळत असायचा आणि दुपारभर बुद्धिबळाचे डाव रंगायचे. वर्षाकाठी एखादी मेंढी चोरीला जायची, एखाद्या लग्नात दोन व्याही हातघाईवर यायचे, की झालं. मग खाण बंद पडली. खाणीचा कर थांबला, त्या करावर पोसलेले चार पोलीस घरी गेले आणि कॅप्टन ओरोझाली तेवढा उरला. एक माणूस, चार गावं आणि एक जुनी निवा गाडी. महिन्याच्या दहा तारखेनंतर तिच्या टाकीत पेट्रोलचा नुसता वास उरायचा.

अशी अकरा वर्षं गेली. मागच्या उन्हाळ्यात नव्या मालकांनी वरचा बोगदा उघडला. कामं फार निघाली नाहीत, कारण यंत्रं मोठी आणि माणसं थोडी. पण कर मात्र आला, आणि इतक्या वर्षांनी गावाच्या हाती पहिल्यांदा काही पैसा पडला. त्याचं काय करायचं यावर गावात महिनाभर दुसरा विषय नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी गावप्रमुख शमशिदीन चौकीत आला. ओरोझालीहून सहा वर्षांनी मोठा, पोट सुटलेला, बोलण्यात गोड. त्याने टोपीवरचं बर्फ झटकलं आणि एक कोरा कागद टेबलावर सरकवला.

“शुक्रवारी कौन्सिलची सभा. चोऱ्यांचा अहवाल तू वाचायचास.”

“वाचतो की, बाइके,” ओरोझाली थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला. “त्यात काय आहे? या हिवाळ्यात चौदा जनावरं गेली.”

“चौदा नाही. तीस लिही.”

“चौदाच गेलीत.”

“अरे, तक्रार न केलेली धर की! सगळे थोडेच तुझ्याकडे येतात?” शमशिदीन खुर्ची ओढून बसला. “हे बघ. आकडा तीसपर्यंत गेला तर आपण घालू तेवढेच पैसे प्रांताकडून मिळतात. विटांची चौकी होईल. रस्त्याला कॅमेरे, नवी गाडी, हाताखाली दोन पोरं. आणि दोन माणसांवरचा अधिकारी मेजर असतो. पेन्शनीला किती राहिलं तुझ्या?”

“तीन वर्षं.”

“मग? कॅप्टन म्हणून घरी जायचंय की मेजर म्हणून? तुला मी डोंगर फोडायला सांगत नाही. नुसतं पेन धर.”

तो गेल्यावर ओरोझाली बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. तो स्वतः खोटा नव्हता, पण दगडाचाही नव्हता. शेगडी धूर ओकत होती. डाव्या गुडघ्यात कळ येत होती. दुसऱ्या कुणाला तरी ‘जा रे, बघून ये’ म्हणता येईल, ही कल्पनाच त्याला उबदार अंथरुणासारखी वाटली. आणि लोकांनाही चौकी हवीच होती. ज्यांची मुलं रशियात राबून पैसे पाठवत होती, त्यांनी त्या पैशांची मेंढरं घेतली होती. त्यांची झोप उडालेली. ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांच्या पोरांकडे सगळे संशयाने बघायचे. चोरी चौदा जनावरांची झाली होती, पण भीती चौदाशेंची होती.

त्याला खरी टोचणी मात्र वेगळीच होती, आणि ती त्याने बायकोशिवाय कुणाला सांगितली नव्हती. त्याचा संशय मेदेरबेकवर होता.

मेदेरबेक म्हणजे त्या पाचांतला एक. तेव्हाचा लेफ्टनंट, आणि बुद्धिबळात ओरोझालीला दहातले आठ डाव हरवणारा. नोकरी गेल्यावर तो रशियात गेला, तिथल्या एका शहरात रस्त्यावरचं बर्फ उपसत राहिला, आणि दोन वर्षांपूर्वी पाठ मोडून परत आला. गावात काम नव्हतं. तरी या हिवाळ्यात त्याच्या पायात लोकर दाबून केलेले नवे फेल्टचे बूट दिसत होते. बायको अनारकूल दुकानात पीठ उधार मागायची थांबली होती. रोज सकाळी तो घरून निघायचा आणि ‘कुठे?’ विचारलं तर म्हणायचा, “काम शोधायला.” आणि जनावरं नेमकी कधी जायची? ओरोझाली दुसऱ्या गावाला गेलेला असायचा तेव्हा. निवामध्ये पेट्रोल कधी नसतं, हे सगळ्या खोऱ्यात मेदेरबेकइतकं कुणाला ठाऊक होतं?

“तोंडावर विचारा की त्याला,” त्या रात्री जेवताना त्याची बायको बुरमाकान म्हणाली. “त्याच्या घरचं अन्न खाल्लंय तुम्ही.”

“म्हणूनच विचारवत नाही.”

“चार महिने झाले. त्याचं पोट भरतंय आणि तुमचं आत जातंय. असं किती दिवस चालणार?”

“खरं निघालं तर मलाच त्याला बेड्या घालाव्या लागतील.”

बुरमाकानने त्याच्या वाडग्यात आणखी सूप वाढलं.

मंगळवारी सकाळी बात्मा-आपा चौकीत आली. वय पंच्याहत्तर, कमरेत वाकलेली, जिभेने ताठ. तिने दार धाडकन उघडलं.

“माझी गाय गेली! आता तरी उठशील का त्या खुर्चीवरून? का तुला खिळे मारलेत?”

“कधी गेली, आपा?”

“मी चहा पीत होते तेव्हा गेली. मला सांगून गेली असती तर वेळ लिहून ठेवली असती.”

“दावं तोडलं की सोडलं?”

“दाव्याला कशाला बांधू? दिवसा ती बाहेरच असते. पूर्वी घरोघरच्या पाळीने कुणीतरी न्यायचा. आता कोण नेतं? मुलगा रशियात, सून शिवणाच्या कारखान्यात, नातू शाळेत. मी नेऊ डोंगरावर? माझ्याच मागे एक गुराखी लागेल.”

निवामध्ये पेट्रोल नव्हतं. ओरोझालीने शेजाऱ्याचा घोडा मागून आणला आणि निघाला. रात्री ताजं बर्फ पडलेलं होतं, त्यामुळे बात्मा-आपाच्या अंगणातून निघालेले गाईचे खूर पुस्तक वाचावं इतके स्पष्ट दिसत होते. थोड्या अंतरावर त्यांच्याशेजारी माणसाची पावलं मिळाली. रुंद, गुळगुळीत, टाच नसलेली. फेल्टचे बूट.

ओरोझालीने लगाम खेचला. घोडा उभा राहिला, त्याच्या नाकातून वाफ येत राहिली. परत फिरावं, गाय सापडली नाही म्हणून सांगावं आणि शुक्रवारी तीस जनावरं वाचून दाखवावीत, असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. नवी दोन पोरं आली तर मेदेरबेकला तेच पकडतील. आपले हात स्वच्छ राहतील. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याने घोड्याला टाच मारली.

खूर जुन्या खाणीच्या दिशेने चालले होते. तिथे खाणीतून काढलेल्या टाकाऊ दगडमातीचा एक मोठा ढीग आहे. आतला उरलासुरला कोळसा वर्षानुवर्षं धुमसतो, त्यामुळे ढिगाच्या दक्षिण अंगाला बर्फ टिकत नाही. वळण घेतल्यावर ओरोझालीला ते दिसलं. उघड्या काळ्या जमिनीवर सात-आठ गाई आणि विसेक मेंढरं निवांत रवंथ करत उभी होती. बात्मा-आपाची गाय त्यांत होती. आणि मधोमध, एका लहानशा धुरकट जाळापाशी, दगडावर पोतं टाकून, हातात किटली घेऊन मेदेरबेक बसला होता.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मेदेरबेकचा चेहरा पांढरा पडला.

“ही कुणाची जनावरं आहेत, मेदेर?” ओरोझालीने घोड्यावरूनच विचारलं. आवाज त्याने पोलिसाचा काढला.

“तुला दिसतंय की. ती वाकड्या शिंगाची बात्मा-आपाची. ही दोन शाळेच्या मास्तरणीची. मेंढरं खालच्या गल्लीतल्या चार घरची.”

“इथं काय करतायत?”

“शेकतायत.”

“मेदेर, मी गंमत करत नाहीये.”

मेदेरबेकने किटली खाली ठेवली. मान खाली घालून तो म्हणाला, “राखतोय मी त्यांना. झालं समाधान? लेफ्टनंट मेदेरबेक गुरं राखतोय. आता गावभर सांग.”

ओरोझाली घोड्यावरून उतरला.

“कुणी सांगितलं तुला राखायला?”

“चौघीजणींनी. चौघींचेही नवरे तिकडे बर्फ उपसतायत, माझ्यासारखेच. पाळीने गुरं न्यायची पद्धत मोडली, तुला माहीत आहे. आपल्या गल्लीत चाळीस घरं. एकोणीस घरांत पाळीला पाठवायला बाप्या माणूस नाही. मग कोण जाणार? गुरं आपली आपण फिरतात. थंडी वाजली की इथं येतात. नदीवर गेली तर बर्फ फुटून बुडतात, दोन बुडालेली मी पाहिली. एक लांडग्याने फाडली. म्हणून मास्तरीण म्हणाली, बाइके, तुम्ही बघाल का? पैसे नाहीत, पीठ देऊ, कोळसा देऊ. हे बूट तिच्या नवऱ्याचे. मी म्हटलं, कुणाला सांगणार नसाल तर. चौघींनी तोंडं शिवली. बाकीच्यांची गुरं येऊन मिसळतात, ती मी संध्याकाळी घराच्या फाटकापर्यंत हाकलून देतो. ही आपाची आज सकाळी रस्त्यात भेटली, तिलाही घेतली बरोबर.”

“फाटकापर्यंत? मग लोक मला सांगायला का नाही आले, की सापडलं म्हणून?”

“हरवलं सांगायला सगळे येतात रे. सापडलं सांगायला कोण येतंय? नोकरीत कधी आलं होतं कुणी?”

ओरोझाली पोत्याच्या एका टोकावर बसला. जमीन खरंच कोमट होती. मेदेरबेकने त्याच्यासाठी किटलीच्या झाकणात चहा ओतला. ओरोझालीने तो प्यायला नाही, नुसता धरून ठेवला.

“मला वाटलं होतं, तू आहेस,” तो शेवटी म्हणाला.

“काय आहे मी?”

“चोर.”

मेदेरबेकने किटली पुन्हा जाळावर ठेवली. एक मेंढी येऊन त्याच्या बाहीला नाक घासून गेली.

“कधीपासून?”

“नोव्हेंबरपासून.”

“म्हणजे चार महिने मागावर होतास, आणि आज पकडलंस. तेही मी धूर करून बसलो असताना!” मेदेरबेकने मान हलवली. “म्हणून तर कॅप्टनच राहिलास.”

आणि तो हसला. आधी कडवट, मग खरं. ओरोझालीलाही हसू आलं, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले, तेव्हा धूर डोळ्यात गेल्यासारखं करून त्याने तोंड फिरवलं. इतके दिवस छातीवर कुणीतरी बसलं होतं आणि आता उठून गेलं होतं. त्याने चहा एका घोटात संपवला आणि झाकण पुढे केलं.

“अजून घाल.”

“मला चोर म्हणायचं आणि वर माझाच चहा?”

“माफ कर, मेदेर.”

“केलं. पण उद्या तू मला गुराखी म्हणून हसलास तर नाही करणार.”

दुसऱ्या चहाबरोबर खरी गोष्ट बाहेर आली. चोर होतेच, पण ते गावातले नव्हते. निळ्या ताडपत्रीचा एक ट्रक बाजाराच्या दिवशी, माणसं खाली गेली की, घाटातून उतरायचा आणि रस्त्यालगत मोकाट दिसेल ते उचलायचा. मेदेरबेकने त्याला दोनदा लांबून पाहिलं होतं आणि नंबर काडेपेटीवर लिहून ठेवला होता.

“मग मला का नाही सांगितलंस, गाढवा?”

“सांगितलं असतं तर विचारलं असतंस, तू तिथं काय करत होतास. काय सांगणार होतो?”

बुधवार आणि गुरुवार ओरोझाली घोड्यावर बसून दारोदार फिरला. तक्रार केलेल्या प्रत्येक घरी गेला. “तुमची मेंढी?” “अहो, ती तर त्याच संध्याकाळी फाटकात उभी होती.” “मग सांगायचं नाही का?” “सांगणारच होतो.” असं सहा घरी झालं. बात्मा-आपाची गाय धरून सात. नदीत गेलेली आणि लांडग्याने खाल्लेली तीन. ट्रकने नेलेली पाच.

शुक्रवारी जुन्या क्लबच्या हॉलमध्ये सभा भरली. पुढे कौन्सिलचे अकरा सभासद, मागे अर्धं गाव, कोट घालूनच, कारण हॉल गरम होत नव्हता. शमशिदीनने छान भाषण केलं. भिंतीवर चौकीचं रंगीत चित्र लावलं होतं. चित्रात उन्हाळा होता. मग त्याने ओरोझालीला हाक मारली.

“या हिवाळ्यात किती जनावरं गेली, कॅप्टन?”

ओरोझाली उभा राहिला. “पंधरा हरवली. सात परत आली. तीन मेली. पाच चोरीला गेली.”

शमशिदीनचे कान लाल झाले.

“पाच?” सभासदांतला सुयुनबाय ओरडला. तीनशे मेंढ्यांचा धनी तो, आणि चौकीचा सगळ्यात मोठा कैवारी. “म्हणजे पोलीसच म्हणतो पोलीस नको! उद्या डॉक्टर म्हणेल, औषध नको!”

“औषध हवंच, सुयुनबाय. पण पोट दुखत असताना डोक्याला पट्टी बांधू नका. पाच नेणारा ट्रक बाहेरचा आहे. त्याचा नंबर घाटाखालच्या पोलिसांना मी परवाच दिलाय. कॅमेऱ्याने त्याचा फोटो निघेल, पण मेंढी रस्त्यावर मोकाट कशी आली ते कॅमेरा सांगणार नाही. ते मी सांगतो. तिला नेणारं कुणी नव्हतं.”

“पूर्वी पाच पोलीस होते तेव्हा चोऱ्या होत नव्हत्या!” मागून कुणीतरी म्हणालं.

“त्या पाचांतला मी एक. आम्ही काय करायचो ते सांगू? बुद्धिबळ खेळायचो.” लोक हसले. “चोऱ्या आमच्यामुळे थांबल्या नव्हत्या. तेव्हा खाण होती, घरोघरी पगार यायचा, पाळीला माणूस मिळायचा. आणि पगार होते म्हणूनच पाच पोलीस परवडत होते. खाण गेली, पोलीसही गेले, राखणारेही गेले. दोन्ही एकाच दाराने बाहेर पडले. आपण म्हणतो, पोलीस गेले म्हणून चोर आले. तसं नाहीये ते.”

“मग तुझं म्हणणं काय? गावाने पैसा कशावर घालावा?” शमशिदीनने विचारलं. आवाजात बर्फ होतं.

“दोन गुराख्यांना वर्षाचा पगार द्या. शिवणाच्या कारखान्यापासून खालच्या गल्लीपर्यंत दिवे लावा, बायका अंधारात घाबरत येतात. आणि माझ्या गाडीत पेट्रोल घाला. महिनाभर पुरेल एवढं. बस.”

“गुराखी कोण होणार?” सुयुनबाय फिस्कारला. “एका हरवलेल्या गाईमागे जाणारा माणूस तरी आहे का गावात?”

मागच्या रांगेत खुर्ची वाजली. मेदेरबेक उठला होता. टोपी दोन्ही हातांत चुरगळत तो म्हणाला, “मी आहे. नोव्हेंबरपासून राखतोय.”

कुणीतरी हसेल म्हणून ओरोझालीने मुठी आवळल्या. तेवढ्यात बात्मा-आपा काठी टेकत उभी राहिली.

“माझी गाय यानेच आणली. आणि दूधही वाढलंय तिचं, शेकून शेकून. सुयुनबाय, तुझ्या तीनशे मेंढ्यांना राखायला तू तीन माणसं ठेवलीस. तुझ्या किती गेल्या?”

सुयुनबाय टोपी नीट करू लागला.

“सांग की.”

“एकही नाही, आपा.”

“मग? तुला कळलेलं औषध आम्हाला का नको?” असं म्हणून ती खाली बसली, आणि मास्तरीण टाळ्या वाजवू लागली, मग खालच्या गल्लीतल्या सगळ्याच.

मतं पडली तेव्हा सात हात गुराख्यांच्या बाजूने वर गेले, चार चौकीच्या. पुढे कधी खाण नीट चालली तर चौकीचं बघू, असं कागदावर लिहिलं गेलं. प्रांताची भर अर्थातच आली नाही. शमशिदीन महिनाभर ओरोझालीशी बोलला नाही; मग त्याच्याच मेव्हण्याचं शिंगरू हरवलं आणि मेदेरबेकने संध्याकाळपर्यंत आणून दिलं, तेव्हा बोलायला लागला. निळ्या ताडपत्रीचा ट्रक पंधरा दिवसांनी घाटाखालच्या पुलावर अडवला गेला. पाचांपैकी दोनच मेंढ्या जिवंत मिळाल्या. बाकीच्या तीन घरांना तेवढंच सोसावं लागलं. आणि मेजरपद गेलं ते गेलंच. बुरमाकान एकदा म्हणाली, “मेजरच्या बायकोचा कोट मी मनात शिवून ठेवला होता.” पण ती हसत होती.

मार्च लागला. दिवे अजून यायचे होते, पण मेदेरबेकचं काम सुरू झालं होतं, हाताखाली एक माणूस घेऊन. एका सकाळी ओरोझाली अंथरुणातच होता. बाहेर खालच्या गल्लीची गुरं निघाली होती. खुरांचा चिखलातला आवाज, बायकांच्या हाका, आणि त्या सगळ्यावर मेदेरबेकचा खणखणीत आवाज, “अनारकूल, भाकरी विसरलीस! फेक इकडे!” पूर्वी तो हवालदारांना ओरडायचा तसाच.

“उठायचं नाही का?” बुरमाकानने विचारलं. “सात वाजले.”

“कुणी बोलावलंय?”

“नाही.”

“मग कशाला?” असं म्हणून ओरोझालीने रजई खांद्यावर ओढली आणि कूस बदलली.